खारूच्या तोंडातला वाकडा रिटेनर

मी एक जुना रिटेनर आहे. आता वाकडाही झालोय. नाक मुरडू नका, मित्रांनो. कुणाच्या तोंडातून निघालेल्या वस्तूची कहाणी ऐकायला किळस वाटते, हे मला ठाऊक आहे. पण चार वर्षं मी रोज घासून-धुऊन राहिलो. तुमच्यापैकी किती जण असं छातीठोकपणे सांगतील?

रिटेनर म्हणजे काय, ते आधी सांगतो. वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करतात, हे तुम्ही पाहिलं असेल. पण दात मोठे हट्टी. तारा निघाल्या की ते हळूहळू आपल्या जुन्या जागी जायला बघतात. त्यांना अडवून धरायला टाळूला चिकटून बसणारी एक गुलाबी पट्टी बनवतात आणि पुढच्या दातांवरून बारीक तार फिरवतात. तो मी. रात्रीची जेवणं झाली की मला घालायचं, सकाळी काढून गार पाण्याने धुवायचं आणि डबीत ठेवायचं. काम एवढंच, पण ते वर्षानुवर्षं करावं लागतं.

मला घडवलं खारूच्या बाबांनी. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांची मापं पाठवत आणि बाबा त्यावरून प्लास्टरचे साचे ओतून कवळ्या आणि रिटेनर बनवत. घासायचं चाक सुरू झालं की खोलीभर धूळ उडे आणि बाबांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होत. त्यांच्या मुलीचे दात लहानपणी इतके पुढे होते की ते लाडाने तिला खारूताई म्हणत. शाळेतल्या पोरींनी मात्र त्याच दातांवरून तिला रडकुंडीला आणलं होतं. हसताना ती तोंडावर हात धरायची. म्हणून माझी तार वाकवण्यात बाबांनी अख्खी दुपार घालवली. तीन तारा फेकून दिल्या. चौथीला पक्कडीत धरून म्हणाले, "माझ्या लेकीच्या तोंडात जायचंय तुला, जरा तरी लाज राख!"

मी पहिल्यांदा तिच्या दातांवर बसलो तेव्हा 'टक्' असा आवाज झाला. तिने आरशात पाहिलं आणि तोंडावर हात न धरता हसली. तो दिवस मी विसरलेलो नाही.

पण तीही त्याच बापाची लेक. तिने मास्कची पाकिटं आणून बाबांपुढे ठेवली. "आता सौदा. मी हा रोज घालणार, तुम्ही काम करताना तो रोज घालायचा. तुमचा खोकला ऐकवत नाही मला."

"अगं, तोंड बांधलं की गुदमरतो मी."

"आणि मी? माझ्या तोंडात तर तुम्ही अख्खा कारखाना बसवलाय!"

बाबा हसले आणि हरले. तेव्हापासून जेवणं झाली की त्यांची एकमेकांना विचारपूस चाले.

"घातलास?"

"घातला. आणि तुम्ही?"

"घातला होता, माझे आई."

चार वर्षांत हे एकदाही चुकलं नाही. खारू खरं बोलत होती, याचा साक्षीदार मी. बाबांच्या बाजूचं मला काही कळायला मार्ग नव्हता.

मग बाबांचा खोकला थांबेना. तपासण्या झाल्या. वर्षानुवर्षांची धूळ फुप्फुसात जाऊन बसली आहे आणि ती आता निघायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मागच्या खोलीला कुलूप लागलं आणि खाटेशेजारी प्राणवायूचं यंत्र आलं. मदतीला आत्या आली. बाबांना जंतुसंसर्ग होता कामा नये, हे तिने इतकं मनावर घेतलं की घरातली ताटं, वाट्या, चमचे सगळं ती उकळून काढू लागली. एका सकाळी तिने मलाही पातेल्यात टाकलं.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, मित्रांनो. पण कढत पाण्यात माझं अंग वाकलं ते वाकलंच.

"अगं बाई! हे काय होऊन बसलं?" आत्याचा चेहरा पडला.

खारूने मला हातात घेतलं. "बाबांना सांगू नकोस हं, आत्या. त्यांच्या जिवाला लागेल. आणि दुसरा करायला त्यांच्या हातात त्राण कुठे आहे?"

नुसतं "घातला" म्हणून भागलं असतं, तर ती तेवढं म्हणालीही असती. पण मी तोंडात असलो की तिचा 'स' किंचित घसरायचा आणि बाबांना तेवढ्यावरून कळायचं. म्हणून तिने मला दातांवर तसंच दाबून बसवलं. 'टक्' झालं नाही. माझी कड तिच्या हिरडीत रुतली आणि तार पुढच्या दाताला बाहेर रेटू लागली. मला ओरडावंसं वाटत होतं. ज्या दातासाठी माझा जन्म झाला, त्याच्याच मुळावर मी उठलो होतो. असं महिनाभर चाललं. रोज रात्री जेवणं झाली की ती खाटेशी बसे आणि हसतमुखाने सांगे, "घातलाय, बाबा."

एके रात्री तिच्या रुमालावरचं रक्त बाबांना दिसलं. त्यांनी हात पुढे केला. "काढ. दे इकडे."

त्यांचा अंगठा माझ्या कडेवरून फिरला. आयुष्यभर हेच काम केलेला अंगठा तो, त्याच्यापासून काय लपणार? "किती दिवस झाले?"

"महिना. तुम्हाला बरं वाटावं म्हणून घालत होते, बाबा."

"मला बरं वाटायचं ते तुझे दात बघून गं. ह्याला काय चाटायचंय? फेक हा, नवा करून घे." मग त्यांनी तिचा हात धरला. "खारू, मीही तुला..." पण खोकल्याची उबळ आली आणि पुढचं राहूनच गेलं.

चौथ्या दिवशी बाबा गेले.

फेकायचं सोडून ती मला आता दिवसाही घट्ट बसवू लागली. दातांच्या डॉक्टरीणबाई तिच्यावर चिडल्या. "हा घालणं आजच्या आज बंद कर. दात हलायला लागलाय तुझा! आणि नवा घेतला नाहीस, तर सगळे दात परत पहिल्यासारखे होतील."

"बाबांच्या हातचा आहे हो हा," खारू म्हणाली. "हा काढला, तर त्यांचं माझ्याजवळ काय राहिलं?"

काही दिवसांनी तिने मागची खोली आवरायला काढली. मी तिच्या तोंडातच होतो. मेजाच्या खालच्या खणात तिला मास्कची पाकिटं सापडली. तिनेच वेळोवेळी आणून दिलेली, सगळीच्या सगळी. एक सोडलं, तर बाकी एकाचंही सील तुटलं नव्हतं. त्या एकातून एकच मास्क काढलेला होता. तो भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होता आणि त्यावर बोटभर धूळ साचली होती.

"बाबा, तुम्हीसुद्धा? मला बरं वाटावं म्हणून?" ती जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. मग तिने मला तोंडातून काढलं, त्या पाकिटांवर ठेवलं आणि खण लावून घेतला. बाहेर जाऊन तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. "नव्या रिटेनरचं माप द्यायला उद्या येऊ का?" खणातूनही मला स्पष्ट ऐकू आलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिने केलं ते योग्यच केलं.

मित्रांनो, रिटेनर गार पाण्यानेच धुवा, हे तुमचे डॉक्टर तुम्हाला सांगतीलच. माझं मागणं निराळं आहे. कुणी मायेने "घातलास का?" असं विचारलं आणि तुम्ही घातला नसेल, तर सरळ "नाही" म्हणा; घालून रुतत असेल, तर तसं सांगा. ते माणूस रागावेल, चार शब्द बोलेल. ऐकून घ्या. आमच्या घरात दोघंही रोज "हो" म्हणत राहिली.