चौतिसाव्या पानावरचा वेल्डर

दुपारी दोनच्या ठोक्याला कंपनीचा वार्षिक अहवाल गुंतवणूकदारांसाठी वेबसाइटवर चढवायचा होता. सहा वर्षं हे काम तिच्याकडेच होतं. साहेब टेबलाशी येऊन म्हणाले, "ऑडिटरांची सही झालीय. आता कानामात्रा बदलायचा नाही."

"पान एकतीस, साहेब. कामावरचे मृत्यू : शून्य."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अगं, तो तक्ता कायम कामगारांचा. तुझे वडील ठेकेदाराचे. माझ्या हातात काय आहे?"

बावीस वर्षं ठेकेदाराचे. मार्चमध्ये टाकीत वेल्डिंगला उतरले, ते वर आलेच नाहीत. आत वायू साठलाय का, हे कुणी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून आईचं एकच पालुपद : "अहवालात येईल ना गं त्यांचं? एक ओळ तरी?"

चौतिसाव्या पानावर तिचा हात थांबला. 'आमची माणसं, आमची ताकद.' खाली बाबा. वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सारलेला, फोटो काढणाऱ्यावर वैतागलेले.

"जुन्या फोटोंत सापडला म्हातारा," पलीकडून नवा डिझाइनर खुशीत म्हणाला. "काय चेहरा आहे! फुकटात मॉडेल मिळालं बघ."

तिनं फोटोच्या वर्णनाची चौकट उघडली.

दृष्टी नसलेल्या गुंतवणूकदारांसाठी प्रत्येक फोटोमागे वर्णन लिहावं लागे. ते पानावर दिसत नाही, यंत्र वाचून दाखवतं. लिहायची तीच, आणि आजवर कुणी ते तपासलं नव्हतं. त्यावर ऑडिटरांची सहीही नव्हती.

तिनं लिहिलं : 'वेल्डर, वय अठ्ठावन्न. याच कारखान्यात बावीस वर्षं. चौदा मार्चला टाकीत गुदमरून मृत्यू.' सवयीनं ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि दोनला बटण दाबलं.

संध्याकाळी तिनं आईसमोर मोबाईल धरला. यंत्रातल्या बाईनं विक्रीतली वाढ ज्या आवाजात सांगितली, त्याच आवाजात बाबांचं मरण सांगितलं.

"पुन्हा लाव," आई म्हणाली.

तिनं पुन्हा लावलं. आई मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"नाव नाही घेतलं गं तिनं."

वर्णनात माणसाचं नाव घालायचं नाही, हा नियम. सहा वर्षांत तो हातात इतका मुरला होता की बाबांच्या वेळीही हात आपोआप तसाच चालला.

"थांब, आत्ता घालते." तिनं लॅपटॉप उघडला.

दुपारी चाललेला पासवर्ड आता चालेना. तिनं एकेक अक्षर सावकाश दाबून पाहिलं. मग मोबाईल वाजला. साहेबांचा फोन होता. "चौतिसावं पान कुणीतरी ऐकलंय गं," ते म्हणाले.