मंगल माझ्यापर्यंत आली नाही

मित्रांनो, माझ्या अंगावर आता एक निळी चादर असते. मी मिरजेच्या एका दवाखान्यातले जुने सोनोग्राफी मशीन आहे. चौदा वर्षांपूर्वी मी आले, तेव्हा सगळे कौतुकाने बघायला येत. पुढे नवे मशीन आले. पोटातली बाळे आता ते बघते. मला कोपऱ्यातली खोली मिळाली. तिला खिडकी नाही.

माझ्याकडे एक काम उरले. आईच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय तिच्यावर टेकलेले असतात. बाळंतपणात ती झोळी ताणते, कधी फाटते. मग खोकले, हसले, घागर उचलली की लघवी सुटते. ती झोळी मी दाखवते. पण सोनोग्राफी म्हणजे बाळ बघणे, असे लोक धरून चालतात. बाळ झाल्यावर माझ्याकडे कोण येणार? आठवडेच्या आठवडे चादर निघत नाही.

परवा निघाली. तासगावकडचे माजी सैनिक जोतीराम सुनेला घेऊन आले. तिचे नाव संयोगिता. बाळ पाच महिन्यांचे. कंबर दाखवायला चाललोय, असे घरी सांगून आले होते.

"काय होतंय?" डॉक्टर शिफाने विचारले.

"कंबर दुखतीया." संयोगिता खाली बघत म्हणाली.

"मग हाडाच्या डॉक्टरकडं जा की. इथं कशाला आलीस?"

ती उठलीच. चप्पल शोधू लागली. मला वाटले, हीपण गेली.

तेवढ्यात पडद्याबाहेरून जोतीराम खाकरले. "डॉक्टरबाई, सासऱ्यानं बोलू न्हाई, पर बोलतो. शिंक आली की ती पाय आवळून उभी ऱ्हातीया. एसटीत बसायला भितीया. माझी बायकू मंगल बावीस वर्षं असंच करायची. लग्नाला येत न्हाई म्हणून मी भांडायचो. म्हणायचो, लय नखरं हायती तुजं. गेल्या साली गेली ती."

संयोगिता परत खुर्चीवर बसली. मग हळूच म्हणाली, "आबा म्हणत्यात तसंच हाय."

शिफाने तिला झोपवले. "आत आवळून धर. सोड. आता खोक."

माझ्या पडद्यावर झोळीची करडी पट्टी जराशी वर गेली, खाली आली.

"फाटलेली नाही, सैल पडलीय. व्यायामानं सुधारेल. बघ, ही आता तूच उचललीस."

संयोगिता हसली. हसताना तिने पाय आवळले.

"पाय नव्हं गं, हे आवळायचं!" शिफा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

जाताना जोतीराम आत आले. "हे मशीन कवापासनं हाय हितं?"

"चौदा वर्षं झाली, आबा."

"म्हंजे मंगल हुती तवा हुतं."

"हो."

त्यांनी चादर उचलली, झटकली, माझ्यावर घातली. चारी कोपरे सारखे केले. मग गेले.

मित्रांनो, मंगल तासाभराच्या वाटेवर होती आणि मी इथेच होते. तुमच्या घरी आई, काकी, आजी शिंक आली की थबकत असेल, लग्नाला यायचे टाळत असेल, तर रागावू नका. जवळ बसून विचारा. माझ्या अंगावरची चादर काढायला एक मिनिटही लागत नाही.