पुतळीच्या खांद्यावरची रेष

पुतळीच्या डाव्या खांद्यापासून निघालेली रेष कानापाशी थांबायला हवी होती. भावाने आणलेल्या या सोन्याच्या नाण्यावर ती कान ओलांडून थेट कडेला टेकली होती. केसाएवढी बारीक, पण सलग. प्रमोदिनीने भिंग खाली ठेवलं, कपाटातून स्वतःची पुतळी आणली आणि दोन्ही शेजारी ठेवून पुन्हा पाहिलं.

"झालं तुझं प्रॅक्टिकल?" इंद्रजित, तिचा धाकटा भाऊ, म्हणाला. "गिऱ्हाईक तिकडं इंदापुरात येऊन बसलंय. बाबांनी पाडलेली हाय, एवढं फोनवर सांग. त्याला तुझ्याशिवाय कुणाचं पटत नाही."

"ताईंना कशाची घाई?" त्याची बायको सुकन्या म्हणाली. "कॉलेजात पोरांना ताटकळत ठेवायची सवय हाय."

पणजोबांची इंदापुरात सराफी होती. लग्नाच्या माळांसाठी ते स्वतःच्या लोखंडी ठशांवर सोन्याच्या पुतळ्या पाडत. पुढे ठसे पडून राहिले, पुतळीचं चित्र असलेल्या समोरच्या ठशाला भेग गेली. बाबांनी हौसेने त्याच ठशांवर थोड्या पुतळ्या पुन्हा पाडल्या आणि नात्यातल्या मुलींना दिल्या. भेगेची रेष उमटलेल्या त्या पुतळ्या आता संग्राहक शोधत फिरतात. प्रमोदिनीही शोधते. एक तिने कन्हेरीच्या आत्याकडून घेतली, एक शेळगावच्या मावससुनेकडून.

एकट्याला पुतळी पाडता येऊ नये म्हणून बाबांनी समोरचा ठसा तिला दिला होता आणि मागचा इंद्रजितला. तिला आणखी एक सांगितलं होतं: मी गेल्यावर तुझ्या ठशावर चर मार, बाद करून टाक. बाबा गेल्यावरही तिने तो मारला नव्हता. दर वर्षी ठसा कपाटातून काढायची, तेल लावायची आणि परत ठेवायची.

"दिवाळीत प्रदर्शनाला म्हणून माझा ठसा नेलास आणि मग परत आणून दिलास," ती म्हणाली. "भेग घावागणिक वाढते, कमी होत नाही. ही पुतळी बाबांच्या सगळ्या पुतळ्यांनंतरची आहे."

"व्हय, पाडल्या. मग? ठसा तोच, सोनं चोख. बाबांनी पाडली की हौस आणि मी पाडली की चोरी?"

"बाबा देताना सांगायचे, ही मी आत्ता पाडलीय. तूही तसं सांगून विक."

"मग काळं कुत्रं तरी घेईल का?"

"आपल्या डबीतल्या पुतळ्यांचा भाव पडंल, म्हणून जीव खालीवर होतोय त्यांचा," सुकन्या म्हणाली.

ते अगदीच खोटं नव्हतं. इंद्रजितने उघड्या कपाटाकडे पाहिलं.

"बाबांनी तुला कॉलेज दिलं, मला घण दिला. नको सांगूस फोनवर. तो ठसा दे, अजून चार पाडतो. कानापुढची रेष कशी घासायची ते माझं मी बघतो."

तो उठला. त्याच्या आधी ती कपाटापाशी पोचली. फडक्यात गुंडाळलेला ठसा तिने दोन्ही हातांनी उचलला आणि चपला पायात सरकवल्या.

"एमआयडीसीत आपल्या ओळखीच्या गोकुळचं वर्कशॉप उघडं असेल," ती म्हणाली. "पुतळीच्या तोंडावरून आडवा चर मारून घेते. तुम्ही दोघंही चला, समोर उभं राहून बघा."