विष उतरवणारा टब

आमच्या हाइवेई गावच्या देवळासमोर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जो तो पाय ठेवायलाच आला होता. फांग गुरुजींनी मांडवात प्लास्टिकचे टब ओळीनं मांडले होते. टबात कोमट पाणी, त्यात मूठभर ‘पर्वतीय मीठ’, मधे हातभर वायरीला लावलेलं एक डबीसारखं यंत्र. भक्तानं पाय बुडवायचे, गुरुजींनी बटण दाबायचं. बघता बघता पाणी पिवळं होई, मग तांबडं, मग फेसाळ, तपकिरी, गटारीसारखं. लोक हात जोडत.

“घाबरू नका,” गुरुजी माइकवर सांगत. “पिवळं दिसतंय ती यकृताची घाण. काळे कण म्हणजे पारा. आणि हा तपकिरी गाळ आहे ना, तो तुमच्या स्वादुपिंडाला मिठी मारून बसलेला कारखान्याचा राक्षस. आता तो सुटलाय. सुटलाय की नाही?”

“सुटलाय,” सगळा मांडव म्हणे.

हा आवाज गावाला ओळखीचा होता. कुठल्या तरी बिनपरवान्याच्या रेडिओ केंद्रावरून तो रोज दुपारी म्हाताऱ्यांची ख्यालीखुशाली विचारी, जुनी गाणी लावी आणि दोन गाण्यांच्या मधे रानकारल्याच्या गोळ्या विके. पोटची मुलं शहरात, फोन करायला त्यांना सवड नाही. गुरुजी मात्र नाव घेऊन विचारत, “आजी, गुडघा कसा आहे?” एवढ्यावर माणूस गोळीच काय, दगडही गिळेल.

मांडवात एकच गोष्ट खरी होती, ती म्हणजे कारखाना. तो बंद पडून जमाना झाला, पण त्याचा पारा आणि डायॉक्सिन नावाचं विष आमच्या मत्स्यतळ्यांच्या गाळात राहिलं. गाळातून माशांत आलं, माशांतून आमच्यात. सरकारनं आमचं रक्त तपासायला नेलं, मासे खाऊ नका म्हणून सांगितलं आणि निघून गेलं. घरटी एकाला तरी मधुमेह. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर येन सांगायच्या की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी फार नाजूक असतात आणि हे विष त्यांनाही सोडत नाही.

माझी देवळाच्या पायरीशी डुकराच्या पायांच्या शेवयांची गाडी आहे. संकट टळलं की आमच्याकडे हा पदार्थ खातात, म्हणजे अवदसा घराबाहेर राहते. टबातून उठलेला प्रत्येक जण माझ्याकडे येऊन वाडगाभर शेवया ओरपायचा. गुरुजींमुळे धंदा वाढला होता, तरी मला तो माणूस डोळ्यांसमोर नको होता. कारण पहिल्या टबात माझा थोरला भाऊ बसला होता.

चिन-ताय दादानं जन्मभर मासे पाळले, तेच मासे खाल्ले. गेली काही वर्षं तो इन्सुलिनची सुई घेत होता. गुरुजींच्या गोळ्या सुरू केल्या आणि सुया कचऱ्यात टाकल्या.

“दादा, डॉक्टरांना विचारलंस तरी का?” मी म्हटलं.

“तुझी डॉक्टर सुईशिवाय काय देते? या गोळ्यांनी साखर बघ कशी खाली आली. आणि अंगाला कंप सुटतो, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते.”

“हे बरं वाटतंय का तुला?”

“म्हणजेच विष निघतंय. गुरुजी म्हणाले, औषध लागू पडलं की आधी वाईट वाटतं. जितकं वाईट, तितकं चांगलं.”

ही समजूत आमच्याकडे गुरुजींच्याही आधीची आहे. औषधानं माणूस आडवा झाला की आम्ही औषधाला शाबासकी देतो. गुरुजींना नवीन काही शिकवावंच लागलं नाही.

त्या रविवारी दादा शरीरशुद्धीसाठी उपाशी होता आणि त्यानं गोळ्या दुप्पट घेतल्या होत्या. टबातलं पाणी तपकिरी झालं तसा दादा घामानं निथळला, काहीतरी असंबद्ध बडबडला आणि खुर्चीवरून कलंडला.

मांडवानं टाळ्या वाजवल्या.

“राक्षस निघाला,” गुरुजी गरजले. “कुणी हात लावू नका. गोड तर अजिबात देऊ नका, गोडावरच तो जगतो.”

मी गाडीवरचा कोहळ्याचा गोड चहा घेऊन धावले. तेवढ्यात समोरच्या आरोग्य केंद्रातून डॉक्टर येन आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. “मावशी, शुद्ध नाही त्यांना, तोंडात ओतू नका. श्वासनलिकेत जाईल.” बोटातून थेंब काढून त्यांनी साखर मोजली. अडतीस. धडधाकट माणसाची सत्तरच्या वर असते. त्यांनी शिरेत साखरेचं इंजेक्शन दिलं. दादानं डोळे उघडले. ‘राक्षस’ साखरेनं पळाला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळे गुरुजींच्या पाया पडले.

डॉक्टरांनी दादाच्या खिशातल्या गोळ्या घेतल्या आणि त्याला मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथंही त्याची साखर पुन्हा पुन्हा घसरत होती. मी रडले, भांडले, देवाला बोल लावला. आणि घरी आल्यावर हा माझा भाऊ काय म्हणाला? “पुढच्या रविवारी उरलेलं विष काढून घेतो.” अशा माणसाला काय म्हणावं? पुढच्या वेळी त्याला जाग आली नाही तर?

रविवारी दादा खरंच टबापाशी गेला. पण डॉक्टर येन आधीच माझ्या गाडीशी उभ्या होत्या. “मावशी, एक कच्चा पाय द्या.”

“कुणाचा?”

“डुकराचा.”

मी चांगला खूरबीर असलेला पाय दिला. डॉक्टरांनी तो गुरुजींच्या टबात ठेवला आणि स्वतःच बटण दाबलं. पाणी पिवळं झालं, तांबडं झालं, तपकिरी झालं. लोक पुढे सरकून टबात डोकावू लागले.

गुरुजी अडखळले नाहीत, हे मान्य करायला हवं. “डुक्करही याच हवेत वाढलं. त्याच्यातही विष आहे.”

“ते मेलंय, गुरुजी,” मागच्या रांगेत पाळीची वाट बघणारे ल्यांग काका म्हणाले. “मेल्यावर त्याची साखर कितीशी वाढणार?”

लोक हसले. डॉक्टरांनी दुसऱ्या टबात स्वतःची रबरी चप्पल टाकली. तेच रंग. तिसऱ्यात काहीच टाकलं नाही, नुसतं पाणी, मीठ आणि यंत्र. तरी गाळ आला, उलट जरा जास्तच. मग त्यांनी यंत्र उघडून आतल्या लोखंडी पट्ट्या दाखवल्या, अर्ध्या कुरतडल्यासारख्या. “मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं. हा गंज आहे. तुमच्या पोटातून काही आलेलं नाही.”

“पण साखर उतरली ती?” कुणीतरी विचारलं.

“गोळ्या तपासून घेतल्या. कारल्याच्या भुकटीत मधुमेहाचं एक जुनं औषध कुटून घातलंय, तेही वारेमाप. ते थकलेल्या पेशींना चाबूक मारून इन्सुलिन काढायला लावतं. त्यात पोट रिकामं असलं की माणूस कोसळतो. चिन-ताय काकांना कंप सुटला तो साखर घसरल्यामुळे. तुम्ही ज्यावर टाळ्या वाजवल्या, ते मरण होतं.”

“शास्त्रज्ञच सांगतात की वनस्पती विषापासून पेशी वाचवतात,” गुरुजींनी शेवटचा पत्ता टाकला.

“सांगतात ना. काचेच्या बशीतल्या पेशींवर विष घातलं, सोबत कारल्यातली, चहातली काही द्रव्यं घातली, तर थोड्या जास्त पेशी तगल्या. त्यावर काम चालू आहे, आणि ते चालायलाच हवं. पण बशीतून माणसापर्यंत यायला वर्षं लागतात. तुम्ही एका जाहिरातीत आलात.”

गुरुजी वायर गुंडाळू लागले. ल्यांग काकांनी ती पायाखाली धरून ठेवली आणि पोलिसांना फोन लावला.

दादा मात्र खुर्चीवरून उठला नाही. अनवाणी पायांकडे बघत त्यानं विचारलं, “मग माझ्यातलं विष कधी निघणार?”

डॉक्टर त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. “फार हळू, काका. वर्षानुवर्षं जातील. आणि मेलेल्या पेशी मी परत आणू शकत नाही. मासे बंद ठेवा, सुई घ्या, आणि तळी साफ करून मागा. माझ्याकडे एवढंच आहे.”

“इतक्या वर्षांत ते विष मला कुणी दाखवलं नाही,” दादा म्हणाला. “रक्त नेलं, आकडा सांगितला. यानं निदान पाण्यात दाखवलं. खोटं का होईना, पण हे माझ्यातून गेलं म्हणून मला झोप लागायची.”

कुणी हसलं नाही. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. माझ्या भावाला मूर्ख म्हणायची माझी हिंमत उरली नाही. त्यानं शर्टाचं टोक वर केलं आणि डॉक्टरांना म्हणाला, “द्या सुई. इथंच द्या, सगळे बघू देत.”

आमचं दुखणं खरं होतं, म्हणूनच खोटं औषध खपलं. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर आधी आपला पाय बाहेर काढा आणि यंत्र रिकामं चालवायला सांगा. चांगलं सांगणाऱ्या माणसाला तपासायचं कसं, असा संकोच करू नका. आणि खरं विष कुणी टाकलं, ते जमिनीतून कोण काढणार, हा प्रश्न टबात बुडवू नका. दादा आता सोमवार-सोमवार जिल्हा कचेरीच्या दारात बसतो, आणि साहेब बाहेर आले की हेच विचारतो.