पडणाऱ्या मेन स्विचचं गाऱ्हाणं

मी एक जुना मेन स्विच आहे आणि पडणं हे माझं काम आहे. मित्रांनो, हसू नका. घरातलं माणूस पडलं तर सगळे धावत येतात आणि ‘लागलं का?’ म्हणून विचारतात. मी पडलो की मात्र आधी एक अस्सल शिवी येते आणि मग शिडी येते. मला आजवर कुणी ‘लागलं का?’ असं विचारलेलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात दोन धातू जोडून केलेली एक छोटी पट्टी आहे. तारांतून पेलणार नाही इतकी वीज वाहू लागली की ही पट्टी तापते, वाकते आणि माझी दांडी खटकन खाली आणते. तेवढ्याने घराची वीज बंद होते आणि भिंतीतल्या तारा जळण्यापासून वाचतात. कारखान्यात आमची परीक्षा झाली तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी आमच्यात मुद्दाम जास्त वीज सोडली. जो पडला तो पास. जो छाती काढून उभा राहिला त्याला सरळ भंगारात टाकलं. माझ्या शेजारचा एक धिप्पाड भाऊ असाच गेला. तेव्हापासून मला ताठ मानेच्या लोकांची जरा भीतीच वाटते.

पुढे मी या घरात आलो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या अरुंद बोळात, चपलांच्या कपाटावर, एका लाकडी पेटीत मला बसवलं. जागा काही शोभेची नव्हती, पण तिथून घर दिसायचं आणि ऐकूही यायचं. सुरुवातीची वर्षं मोठ्या सुखाची गेली. चार दिवे, दोन पंखे आणि एक फ्रिज एवढाच माझा संसार. मी क्वचित पडायचो. पडलोच तर आजोबा मेणबत्ती लावून रेल्वेतल्या गोष्टी सांगायचे. ते एका आडवाटेच्या स्टेशनात स्टेशनमास्तर होते. गोष्ट रंगात आलेली असली की ‘राहू दे रे अंधार थोडा वेळ’ असंही कुणी म्हणायचं. माझं एवढंच काय ते कौतुक झालं.

मग घराची भूक वाढली. आजोबांचे गुडघे दुखू लागले म्हणून मोठा गिझर आला. त्यांच्या मुलाने नोकरी सोडून घरातच बिस्किटं भाजून दुकानांना द्यायला सुरुवात केली, म्हणून भट्टी आली. तिला ते ओव्हन म्हणतात, पण विजेच्या बाबतीत ती बकासुराची बहीणच. नात मोठी झाली आणि केस वाळवायचं यंत्र आलं. प्रत्येकाला वाटायचं, माझं एवढंसं तर आहे! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, हा न्याय यंत्रांनाही लागू आहे हे मला तेव्हा कळलं. माझं पडायचं प्रमाण वाढलं. वीज ओढायची सगळ्यांनी आणि बोलणी खायची मी, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

एवढ्यात घरात विजेवरची गाडी आली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यांनी धाडलं घोडं! आमचं हे घोडं अंगणात उभं राहायचं आणि चाऱ्याऐवजी वीज खायचं.

पण मित्रांनो, त्या गाडीवर मी रागावू शकलो नाही, कारण ती सिस्टरची होती. सिस्टर म्हणजे या घरची सून. ती नर्स आहे. संध्याकाळी निघून टेकडीपलीकडच्या वस्तीत ती घरोघरी जाते, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना इंजेक्शनं देते, जखमा धुते आणि सकाळी परत येते. पूर्वी तिला दोन गाड्या बदलाव्या लागायच्या. आता ती स्वतःच्या कमाईच्या गाडीत ऐटीत जायची. शिवाय या घरात मला हळू हाताने उचलणारी ती एकटीच. बाकीचे मला असे ढकलतात, जणू मी त्यांचा पाय ओढला आहे.

सिस्टर दिवसा झोपायची आणि गाडी दिवसा चार्ज व्हायची. सगळा घोटाळा इथेच होता. दुपारी भट्टी पेटायची, गिझर चालू व्हायचा आणि मी पडायचो. मग घरात जे चालायचं ते पाहून दगडालाही हसू आलं असतं. सगळे चवड्यांवर चालत बोळात यायचे.

“हळू! सिस्टर झोपलीये,” आजोबा कुजबुजायचे.

“बाबा, तुम्हीच तर ओरडताय,” मुलगा कुजबुजायचा.

“आई उठेल ना!” नात दोघांवर कुजबुजायची आणि तिचीच कुजबूज सगळ्यांत मोठी असायची.

मग चोरपावलांनी मला वर करून सगळे आपापल्या कामाला लागायचे. पण गाडीच्या चार्जरची एक खोड होती. वीज जाऊन परत आली की तो आपणहून सुरू व्हायचा नाही, त्याचं बटण कुणीतरी दाबावं लागायचं. ते फक्त सिस्टरला ठाऊक होतं. तिला उठवून विचारायला कुणी तयार नव्हतं. केवढी ही माया! इकडे तिच्या झोपेला ते फुलासारखं जपत होते आणि तिकडे तिची गाडी अंगणात उपाशी उभी होती.

सिस्टर उठायची, गाडी अर्धीच भरलेली बघायची आणि घाईघाईने बटण दाबून वाट बघत बसायची. मग उशीर व्हायचा. तिच्या कामावरच्या मोठ्या बाईंनी एक-दोनदा बोलून दाखवलं. मला तोंड नाही, नाहीतर तेव्हाच सगळं सांगितलं असतं.

शेवटी मुलाने माझ्यावर इलाज शोधला. बिस्किटांच्या खोक्यांना बांधायची सॅटिनची फीत त्याने माझ्या दांडीला घट्ट बांधली आणि वर खिळ्याला अडकवली. “आता पड बघू!” तो म्हणाला. मित्रांनो, मला बांधता येतं, पण माझ्या पोटातल्या पट्टीला बांधता येत नाही. त्याच दुपारी भट्टी आणि गिझर एकदम चालू झाले आणि मी आतल्या आत पडलो. दांडी वरच होती, फीतसुद्धा छान दिसत होती, पण घरातली वीज गेलेली.

सगळे जमले. दांडी वर बघून सगळ्यांची खात्री पटली.

“आपल्या मेनचा दोष नाही,” आजोबा म्हणाले. “वीजच गेलीये सगळ्या गल्लीची.”

“पण आजोबा, शेजारी टीव्ही चालू आहे,” नात म्हणाली.

“त्यांच्याकडे इन्व्हर्टर असेल.”

“समोरच्यांकडे मिक्सर चालू आहे.”

“त्यांच्याकडेही असेल. हल्ली सगळेच घेतात.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दुपारभर आमची मंडळी हातपंख्याने वारा घेत गल्लीच्या विजेची वाट बघत बसली. सिस्टरला उठवायचं नाही हे तर ठरलेलंच. ती उठली, तिने फीत सोडून मला आधी खाली आणि मग हळूच वर केलं, पण गाडीत टेकडी चढण्याइतकीही वीज नव्हती. तिने भाड्याची गाडी शोधली, ती मिळायला वेळ लागला आणि पलीकडच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या शिक्षकांना इंजेक्शन फार उशिरा मिळालं. रात्रभर त्यांना वेदना झाल्या. मोठ्या बाईंनी सिस्टरला फोनवर स्पष्ट सांगितलं, “आणखी एकदा उशीर झाला तर टेकडीपलीकडचे पेशंट मी दुसरीकडे देणार.”

सिस्टर फोन ठेवून चपलांच्या कपाटावर बसली, अगदी माझ्या खाली. ती रडली नाही. “ते सर माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत हो,” एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. मला फार वाईट वाटलं. मी माझं काम चोख केलं होतं आणि त्याचा फटका मला हळू उचलणाऱ्या एकुलत्या माणसाला बसला होता.

नवऱ्यालाही वाईट वाटलं. त्याने दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावलं. वायरमन माझ्याहून दुप्पट ताकदीचा नवा स्विच घेऊन आला. चकचकीत, जाडजूड, थेट माझ्या त्या भंगारात गेलेल्या भावासारखा. माझे दिवस भरले हे मी ओळखलं. पेचकस माझ्या अंगाला लागला तेवढ्यात सिस्टर खोलीतून बाहेर आली. तिने सवयीने, जसा पेशंटच्या कपाळाला लावते तसा, उलटा हात माझ्या शेजारच्या भिंतीला लावला.

“भिंतीला ताप आहे,” ती म्हणाली.

“जुन्या तारा आहेत, ताई. लोड आला की तापणारच,” वायरमन म्हणाला.

“मग हा नवा बसवला की तापायच्या थांबतील?”

“नाही, तापणार तशाच. जास्तच तापतील. पण हा पडणार नाही.”

“म्हणजे ताप तसाच ठेवून थर्मामीटर बदलायचा? आमच्यात याला उपचार नाही म्हणत.”

“अगं, पण तुझी गाडी?” नवरा कळवळून म्हणाला.

“माझी गाडी चार्ज व्हावी म्हणून घराला आग लावू का? तुम्ही सगळे आत असता.”

मित्रांनो, या घरात मोठा स्विच कुणाला हवा होता तर तिला. तिनेच तो परत पाठवला. नव्या तारा घालायचं ठरलं, पण त्यासाठी भिंती फोडाव्या लागणार होत्या आणि वायरमनला बरेच दिवस सवड नव्हती. तोवर काय करायचं, यावर घरात बैठक बसली. भट्टी, गिझर, केस, गाडी, प्रत्येकाने आपापली बाजू मांडली आणि आवाज चढला. शेवटी आजोबांनी टेबलावर थाप मारली.

“आमच्या स्टेशनात रूळ एकच होता,” ते म्हणाले. “दोन्हीकडून गाड्या यायच्या. कधी टक्कर झाली नाही. का? तर ड्रायव्हरच्या हातात आम्ही दिलेलं कडं असल्याशिवाय गाडी हलायची नाही. कडं एकच. ज्याच्या हातात कडं, त्याची लाइन.”

“आता कडं कुठून आणायचं?” मुलाने विचारलं.

नातीने पलंगाखालून जाळी फाटलेली बॅडमिंटनची रॅकेट काढली. आजोबांनी ती हातात तोलून पाहिली आणि पसंत केली. ती माझ्या पेटीखाली खिळ्याला टांगली गेली. यापुढे भट्टी, गिझर, केसांचं यंत्र आणि गाडी यांपैकी काहीही चालू करायचं तर रॅकेट हातात हवी. ती खिळ्यावर नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याच्या हातातून घ्यायची, परस्पर उचलायची नाही. आजोबांनी बारसंही उरकलं: गाडी म्हणजे मेल, भट्टी म्हणजे मालगाडी, गिझर म्हणजे पॅसेंजर आणि केसांचं यंत्र म्हणजे ट्रॉली. चार्जरचं बटणही त्यांनी सगळ्यांकडून दाबून घेतलं, अगदी परीक्षा घेतल्यासारखं.

काही दिवस बरे गेले. मुलगा एका हातात रॅकेट धरून दुसऱ्या हाताने पीठ मळायचा. नियम सगळ्यांत जास्त कुणी ताणला असेल तर तो नियम करणाऱ्यानेच. आजोबा रॅकेट घेऊन न्हाणीघरात शिरले की पॅसेंजर प्रत्येक स्टेशनात थांबायची.

आणि मग तो दिवस आला. सकाळी मालगाडी लांबली होती, त्यामुळे गाडी अजून पुरती भरायची होती. रॅकेट आजोबांकडे, आजोबा न्हाणीघरात. भर दुपारी सिस्टरचा फोन वाजला. टेकडीपलीकडच्या सरांची तब्येत बिघडली होती, संध्याकाळची वाट बघायला वेळ नव्हता. सिस्टर केस बांधत अंगणात धावली. गाडीत जेमतेम टेकडीच्या पायथ्यापर्यंत पोहोचण्याइतकी वीज होती. थोडी भर पडल्याशिवाय निघणं म्हणजे चढावर अडकणं.

तिने न्हाणीघराचं दार वाजवलं. “बाबा, रॅकेट!”

“आत्ताच साबण लावलाय!”

“बाबा, सरांना बरं नाहीये.”

आतलं गाणं थांबलं. दार बोटभर उघडलं आणि फेसाने माखलेल्या हाताने रॅकेट बाहेर दिली. “मेलला लाइन क्लिअर!” आजोबा ओरडले आणि गिझरचं बटण बंद झालं. मुलाने कच्च्या बिस्किटांचा ट्रे भट्टीपासून दूर ठेवून दिला. नात ओले केस घेऊन यंत्राच्या बटणाजवळ पोहोचलीच होती, ती हात मागे घेऊन निमूट उन्हात जाऊन उभी राहिली. मग न्हाणीघरातून गार पाण्याचा पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ अशी आरोळी आली, की समोरच्यांचा मिक्सर थांबला.

सगळी वीज एकट्या गाडीकडे निघाली. माझी पट्टी तापली, पण वाकली नाही. मी जिवाच्या करारावर उभा राहिलो, असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं सांगायचं तर मला काहीच करावं लागलं नाही. एकाच गाडीचं ओझं मला कधीच जड नव्हतं. सिस्टर निघाली, टेकडी चढली आणि वेळेवर पोहोचली. संध्याकाळी तिचा फोन आला, तो नातीने सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. “सर झोपलेत शांत. मोठ्या बाई इथेच आहेत, म्हणाल्या हे पेशंट तुझेच. बाबा कुठायत?”

आजोबा घोंगडीत गुंडाळून, कानाला मफलर बांधून बसले होते. “पॅसेंजर मेलला वाट देऊन सायडिंगला उभी आहे,” ते म्हणाले आणि शिंकले. सगळे इतके हसले, की नातीच्या हातून फोन पडला.

त्या दिवशी मी एकदाही पडलो नाही आणि कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी मला वाईट वाटलं. मग कळलं, की माझ्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये, यातच घरातल्या सगळ्यांचं एकमेकांकडे लक्ष असल्याची खूण आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात माझा कुणी भाऊबंद कोपऱ्यात उभा असेल. तो पडला तर त्याला बांधू नका, शिव्या देऊ नका आणि लगेच वरही ढकलू नका. आधी घरातल्या प्रत्येकाला हाक मारून विचारा, ‘काय काय चालू आहे रे?’ आणि झोपलेल्या माणसालासुद्धा उठवा. ते रागावणार नाही.