दहाच्या सिक्क्यावरचे दोन शब्द

मी दहा रुपयांचा सिक्का बोलतोय. हो, तोच, ज्याला हातात येताच तुम्ही परत सरकवता. घाबरू नका, आज मी तुमच्या खिशात शिरायला आलो नाही. नुसतं ऐकून घ्या.

मुंबईच्या टांकसाळीत माझा जन्म झाला. बाहेर पिवळं कडं, आत पांढरं पोट, पोटावर सिंह आणि सिंहांच्या पायाशी दोन शब्द : सत्यमेव जयते. एवढे मोठे शब्द अंगावर असताना आपल्याला खोटा कोण म्हणणार, असं वाटून मी फुगलो होतो. अक्कल कमी होती, दुसरं काय!

एका प्रवाशाच्या खिशातून मी अकोल्याला उतरलो आणि माझे ग्रह फिरले. स्टेशनाबाहेरच्या पानठेल्यावर त्याने मला पुढे केलं, तर ठेलेवाल्याने बोटानेच मागे ढकललं.

"हा चालत नाही ना भाऊ."

"काहून नाही चालत?"

"बंद झाला."

"कोनं बंद केला?"

"मले काय माहीत? कोनी घेतच नाही."

झाला कायदा! मोठी बँक सांगून सांगून थकली की हा सिक्का चालतो. पण वऱ्हाडात बँकेपेक्षा पानठेल्याच्या शब्दाला वजन. दानपेटीत मात्र मी बिनबोभाट गेलो असतो. बाजारात जे चालत नाही ते देवाला चालतं, अशी इथे सोय आहे.

तो प्रवासी पुढे अमरावतीला गेला आणि एका सभागृहासमोर इंदूबाईच्या टपरीवर चहा प्यायला. इंदूबाईने मला उलटून पालटून पाहिलं. "सिंह हाय, सरकारचं नाव हाय. मंग खोटा कसा असन?" म्हणाली आणि डब्यात टाकलं. अख्ख्या वऱ्हाडात मला वाचणारी ती पहिली. तिच्यावर माझा जीव जडला.

पण इंदूबाई सिक्के घेते ही बातमी गावभर झाली. चहा दहाचा, त्यामुळे ज्याच्या त्याच्या घरात पडलेला सिक्का तिच्या डब्यात येऊन पडू लागला. डबा भरला, नोटा संपल्या. दूधवाला धर्मेंद्र एके सकाळी म्हणाला, "मावशी, नोट दे, नाही तं उद्यापासून दूध बंद. हे सिक्के माह्याकून कोनी घेत नाही." दूध नाही तर चहा नाही, आणि चहा नाही तर टपरी कसली?

त्याच दिवशी सभागृहावर फलक लागला : 'नाण्यांवरील बोधवाक्य : असावे की नसावे?' तिची मुलगी दीक्षा हिने तो मोठ्याने वाचून दाखवला. इंदूबाईने त्यातलं 'नाणं' तेवढं ऐकलं. मोठी माणसं सिक्क्याचा निकाल लावायला बसली आहेत, या आनंदात तिने शेगडी विझवली आणि डबा घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसली.

साधनाताई नावाच्या प्राध्यापिका म्हणाल्या, "रोज हातात असूनही जे कोणी वाचत नाही, ते काढून टाका." खरं सांगतो, मला ते लागलं, पण पटलंही. अध्यक्ष जानराव उसळले, "हे दोन शब्द राष्ट्राचा प्राण आहेत! कोणाकडे दहाचं नाणं आहे का?"

भरल्या सभेत एकाच्याही खिशात मी नव्हतो. इंदूबाई उठली आणि मला देऊन आली. जानरावांनी मला उंच धरलं. टाळ्या! जन्मात एवढा मान मिळाला नव्हता.

"साहेब," इंदूबाई म्हणाली, "मंग हा चालते का नाही, तेवढं सांगून द्या ना एकडाव."

सभा हसली. "बाई, आजचा विषय बोधवाक्याचा आहे, नाण्याचा नाही," म्हणत जानरावांनी मला परत केलं. बोधवाक्य राहावे, असा ठराव बहुमताने पास झाला.

सभा सुटली. उरलेल्या दुधाचा चहा झाला. जानरावांनी विसाची नोट दिली, इंदूबाईने मला परत दिलं.

"हा नको. हा चालत नाही ना."

"साहेब, आत्ताच तं याले वर धरून..."

"ते सभेत होतं हो. असं करा, आणखी एक चहा द्या."

तहान नसताना त्यांनी दुसरा चहा घशाखाली उतरवला, पण मला घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंदूबाईने दीक्षाला पाटी लिहायला बसवलं : 'दहाचा सिक्का चालत नाही.' दीक्षा म्हणाली, "आई, पन चालते ना तो. तूच तं म्हनत होती."

"लिही," इंदूबाई म्हणाली. "आपनच काहून खरं धरून बसाचं?"

त्या वेळी मला रडू आलं. धातूला डोळे नसतात म्हणून निभावलं.

तिच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. हल्ली मी त्याच्याखाली असतो, सिंह मातीकडे करून. तुमचे दोन शब्द ठेवा, काढा, मोठ्या अक्षरांत लिहा, माझी काही ना नाही. पण कधी अमरावतीला आलात तर इंदूबाईकडे चहा घ्या, आणि सुट्टे परत घेताना मला मागा. तिला ती पाटी काढायची आहे. मी तिला ओळखतो.