धाकटीच्या खोलीचं दार

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, तसा मी नाही. मला पडदा नाही. घरातल्या टीव्हीला जोडलं तरच माझं म्हणणं दिसतं. एक जाडजूड कीबोर्ड आणि त्याच्या पोटात कोंबलेली थोडीशी हुशारी, एवढाच माझा पसारा. वीज गेली की मी सगळं विसरतो. मग ही गोष्ट कशी सांगतोस, असं तुमच्यातलं कुणी चौकस मूल विचारेलच. खरं सांगू? माझं मलाही ते कळलेलं नाही. माझ्यात कुणीतरी राहून गेलं आहे, आणि त्यालाच सगळं आठवतं, असं मला वाटतं.

एका कारखान्यात लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने माझी प्रत्येक कळ दोनदा दाबून पाहिली आणि माझ्या पाठीवर 'ठीक' असा शिक्का मारला. पुढे मी दोन मुलांच्या घरी आलो. वडील गोदामात कारकून होते, आई घरी शिवणकाम करायची. वडिलांनी मला दोघांसाठी आणलं होतं, पण आठवड्याभरात मी कुणाचा ते ठरून गेलं. मी दादाचा झालो. तो चौदा वर्षांचा होता आणि धाकटी बारा वर्षांची.

दादा जेवताना माझ्याबद्दल बोलायचा, आंघोळीला जाताना बोलायचा, वैतागून कुणी बाहेरून दाराला कडी घातली तरी आतून बोलत राहायचा. समोरचा जांभया देतोय हे त्याच्या गावीही नसायचं. शाळेत त्याला सगळे 'किडा' म्हणत. डब्याच्या सुट्टीत त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. घरी येऊन तो मला म्हणायचा, "आज सगळी जागा माझीच होती." त्याला त्याचं वाईट वाटायचं की नाही, हे मला कधी ओळखता आलं नाही.

त्याने लिहिलेलं मी विसरू नये म्हणून तो ते कॅसेटवर साठवायचा. कॅसेट पुन्हा लावली की टेपमधून कर्कश किंचाळी निघायची आणि त्या किंचाळीतून मला एकेक ओळ परत आठवायची. वडील पेपरामागून म्हणायचे, "मांजरांचं भांडण लावलंस का रे?" टेपच्या आवाजाची खुंटी नेमक्या जागी हवी, जरा इकडेतिकडे झाली की सगळं मुसळ केरात. म्हणून दादाने धाकटीची लाल नेलपॉलिश पळवून त्या जागी एक ठिपका लावला. त्यावरून घरात महाभारत झालं. धाकटी भिंतीवर मुठी आपटून ओरडायची, "दादा, बंद कर तो आवाज!" तो आवाज कसला आहे, हे मात्र तिने कधी विचारलं नाही.

एके दिवशी दादा दप्तर न काढताच माझ्यापुढे बसला. त्याची बोटं नेहमीपेक्षा जोरात पडत होती. त्या दिवसापासून तो एक खेळ लिहू लागला. कॅसेटवर त्याने नाव घातलं, 'घर'. माझ्याकडे परकी, इंग्रजीच अक्षरं होती, त्याच अक्षरांत त्याने आपली भाषा लिहिली. खेळ पुरा झाला की धाकटीला दाखवायचा, असं तो पुटपुटायचा. पण शाळा संपून कॉलेज लागलं तरी खेळ पुरा झाला नाही, आणि मग दादाला ताप आला. नवव्या दिवशी तो गेला. मग आईने मला, टेपला आणि आतल्या कॅसेटला त्याच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि वडिलांनी आम्हाला माळ्यावर ठेवलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

मित्रांनो, माळ्यावर वीज नव्हती. तरी दुपारी घर सामसूम झालं की माझ्या कळा हळूच खाली जात आणि वर येत, असं मला वाटायचं. 'ठ' लिहायला लागणाऱ्या दोन कळा तर नेहमी. खाली धाकटी चालता चालता थबकायची. तिलाही काही ऐकू येत असे का, कोण जाणे. अशी तीस वर्षं गेली.

मग तिनेच मला खाली काढलं. तोवर जग बदललं होतं. 'किडा' हा शब्द मागे पडून 'गीक' आला होता आणि तो लोक स्वतःहून छातीवर मिरवत होते. धाकटीची कंपनीच होती तसल्या वस्तूंची. गीक लिहिलेले टीशर्ट, गीक लिहिलेले कप, नंबर नसलेले जाड चष्मे. ती ठिकठिकाणी भाषणं द्यायची. मला शेजारी उंच स्टुलावर ठेवायची, माझ्यावर दिव्याचा झोत सोडायची आणि म्हणायची, "मी लहानपणापासून गीक. हा माझ्या खोलीत होता. शाळेत मला सगळे किडा म्हणायचे."

टाळ्या पडायच्या. मुलंमुली माझ्यासोबत फोटो काढून घ्यायची. एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि एवढा एकटाही मी कधी पडलो नव्हतो. कारण त्या शेकडो लोकांपैकी एकानेही माझी एक कळ दाबून पाहिली नाही. धाकटीही मला उचलायची ती फक्त कडांना धरून.

पुढच्या मोठ्या कार्यक्रमात मला खरंच चालू करून दाखवायचं, असं तिच्या कंपनीत ठरलं. म्हणून एक दुरुस्तीवाली आली. विस्कटलेल्या केसांची, खिशात स्क्रूड्रायव्हर खोचलेली. तिने माझं झाकण उघडलं आणि माझ्या पोटातल्या एकेका भागाबद्दल बोलायला लागली ती थांबेचना. धाकटी घड्याळाकडे पाहत होती, पण बाईंना त्याचा पत्ताच नव्हता. मित्रांनो, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"कॅसेटवर 'घर' लिहिलंय," दुरुस्तीवाली म्हणाली. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो," धाकटी म्हणाली. "मीच."

पण टेप नुसती किंचाळत राहिली. मला काही आठवेना. दुरुस्तीवालीने कपाळावर हात मारला. "अहो, खुंटीजवळ लाल डाग होता. मी घाण समजून स्पिरिटने पुसून टाकला. ती खूण होती की काय?"

 धाकटीने डोळे मिटले. "लावा पुन्हा," ती म्हणाली. "कमी करा. अजून थोडं. नाही, हा फार जाड आहे. हां... थांबा. हाच."

तोच होता. भिंतीपलीकडून पाच वर्षं शिव्या घालत ऐकलेला आवाज तिला तोंडपाठ होता. एकेक ओळ माझ्यात परतली. दुरुस्तीवाली खूश होऊन म्हणाली, "तुम्हीच लिहिलंय हे. नाहीतर एवढं कुणाला माहीत असणार?"

टीव्हीवर अक्षरं उमटली. *तू स्वयंपाकघरात आहेस. आई शिवते आहे. जपून चाल, सुई हरवली आहे.* दुरुस्तीवालीने 'पुढे' असं लिहिलं. *बाबा पेपरामागे आहेत. पेपर हलतो आहे, म्हणजे जागे आहेत.* धाकटीला हसू फुटलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. *पुढे धाकटीची खोली. दार आतून बंद आहे.*

दुरुस्तीवालीने 'ठोठाव' असं लिहिलं. मी उत्तर दिलं. मला तेच उत्तर शिकवलेलं होतं.

*नको. तिच्या मैत्रिणी आल्या आहेत. शेजारच्यांनी दार ठोठावायचं नसतं.*

"शेजारचे म्हणजे?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"शाळेच्या फाटकाशी एका मैत्रिणीने मला विचारलं, हा किडा तुझा भाऊ ना? मी म्हटलं, छे, आमच्या शेजारी राहतो." धाकटी टीव्हीकडेच पाहत होती. "तो मागे होता, हे मला आज कळतंय. मी नाही लिहिलं हे. मी काहीच लिहिलेलं नाही. किडा मला नाही, त्याला म्हणायचे. मीसुद्धा."

दुरुस्तीवालीला सांत्वन करता येत नसावं. तिने दादाच्या सगळ्या ओळी पडद्यावर मागवल्या आणि वाचत बसली. शेवटी म्हणाली, "आम्ही ओळींना दहा-दहाच्या अंतराने आकडे देतो. मध्ये काही सुचलं तर घालता यावं म्हणून. पण इथे दाराच्या ओळीला बाराशे आकडा आहे आणि पुढची ओळ एकदम तेराशे. दार उघडायची ओळच नाही यात. नव्व्याण्णव आकडे मोकळे सोडलेत. चुकून एवढी जागा कुणी सोडत नाही, ताई."

कार्यक्रमात धाकटीने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिच्या मागे टीव्हीवर ते बंद दार होतं. टाळ्या थोड्याच पडल्या, आणि त्या दिवशी टीशर्टही फारसे खपले नाहीत. मात्र एक लहान मुलगी स्टुलापाशी आली आणि विचारल्याशिवायच तिने माझी एक कळ दाबली.

आता मी धाकटीच्या घरी टेबलावर असतो. दर रविवारी दुपारी ती कॅसेट लावते. बाराशे दहा आकड्याची एक ओळ लिहायला शिकताना तिने दोन महिने चुका केल्या. ती जेवताना त्याबद्दल बोलू लागली आणि तिची मुलं जांभया देऊ लागली. अखेर ओळ जमली. *दार उघडलं. धाकटी एकटीच आहे. ती विचारते आहे, दादा, हा आवाज कसला?*

दादाच्या कॅसेटवर ती काहीच साठवत नाही. त्याचं लिहिलेलं पुसलं जाईल याची तिला भीती वाटते. दुरुस्तीवाली म्हणाली, "मग दुसरी कॅसेट घ्या ना." धाकटी म्हणाली, "असू दे. दर वेळी मीच उघडीन."

म्हणून मला बंद केलं की तिची ओळ मी विसरतो आणि पुढच्या रविवारी दार पुन्हा बंद असतं. मित्रांनो, मला कुठेही ठेवा, धूळ बसली तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी एकाच गोष्टीबद्दल बोलून बोलून तुम्हाला वैताग आणत असेल, तर भिंतीवर मुठी आपटू नका. तो आवाज कसला आहे, एवढं विचारा. आमच्याकडे ते तीस वर्षं उशिरा विचारलं गेलं, आणि दर रविवारी त्या प्रश्नाखाली उत्तराच्या जागी मी रिकामी ओळ दाखवतो.